गादीवाल्याची झोप

"झोपायला काय, फरशीसुद्धा चालते. गादी लागते ती उठायला."

हे वाक्य गादीवाला दिवसातून दहा वेळा म्हणायचा. गिऱ्हाईक पायरी चढलं की म्हणायचा, कुणी घासाघीस करायला लागलं की म्हणायचा, आणि समोर कुणीच नसलं तर कापसाला ऐकवायचा. वाक्य मूळ त्याच्या वडिलांचं. वडील गेले तेव्हा मागं एक दुकान राहिलं, हातभर लांबीच्या तीन सुया राहिल्या आणि हे वाक्य राहिलं. सगळंच त्यानं सारख्या जिव्हाळ्यानं जपलं.

दुकान पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरणीतलं पीठ इकडं यायचं आणि इकडचा कापूस तिकडं जायचा, त्यामुळं संध्याकाळी दोन्हीकडची माणसं सारखीच पांढरी दिसायची. आत एक लांबट खोली. मागच्या भिंतीशी कापूस पिंजायचं यंत्र, मधे मोकळी फरशी, आणि दाराजवळच्या उजेडात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. खोळी ती शिवायची, भरायचा तो. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची.

या दुकानाची एक रीत होती. गादी तयार झाली की गिऱ्हाइकाला बोलवायचं. गादी फरशीवर अंथरायची. गादीवाल्यानं चपला काढून तिच्यावर उताणं पडायचं, एकदा उजव्या कुशीवर वळायचं, एकदा डाव्या, पुन्हा उताणं, आणि मग दोन्ही हात छातीशी बांधून, कुठंही न टेकता, उठून उभं राहायचं. उठला की गादी पास. हात टेकावा लागला तर कापूस कुठंतरी गोळा झालाय, अंग रुततंय, असं समजायचं आणि गिऱ्हाइकासमोरच गादी उसवायची. वडिलांच्या काळात अशा दोन गाद्या उसवल्या होत्या म्हणतात. त्या दोन गाद्यांवर दुकान तीस वर्षं चाललं. माणसं लांबून यायची ती गादीसाठी कमी आणि हे उठणं बघायला जास्त.

गादी भरणं हे दिवसभराचं वाकणं असतं. खोळीवर कापूस पसरायचा, थर सारखा करायचा, छडीनं झोडपायचा. मग टाके. पाय ताठ, अंग कमरेतून वाकलेलं, एक हात वर आणि एक हात गादीखाली. सुई वरून घालायची, खालून ओढायची, गाठ मारायची आणि वीतभर पुढं सरकायचं. एका मोठ्या गादीला शंभरावर टाके पडतात. सोळाव्या वर्षापासून तो असा वाकत आला होता आणि त्याला कधी वाटलं नाही की आपण वाकतोय. मासा पोहतो तसा तो वाकायचा.

सदतिसाव्या वर्षी कंबर गेली. कापसाचा गठ्ठा एकट्यानं उचलून मागं नेताना काही झालं नाही. एका सकाळी हातातली सुई पडली. ती घ्यायला तो वाकला आणि तसाच राहिला.

"सापडत नाही का?" मशीनवरून बायकोनं विचारलं.

"सापडली."

"मग उचला की."

"तेच म्हणतोय."

चार दिवस तो अंथरुणात पडून होता. पाचव्या दिवशी भिंत धरून उभा राहिला. गिरणीवाला म्हणाला, उसण भरली असेल, आठवड्यात जाईल. आठवडा गेला, महिना गेला. दुखणं कमी व्हायचं, वाटायचं गेलं, आणि मग बादली उचलताना किंवा नुसतं शिंकताना ते मागून येऊन कमरेला मिठी मारायचं. अशी सहा वर्षं गेली.

पहिल्या वर्षी त्यानं एक वेडेपणा केला. तो वेडेपणा फक्त त्याच घरातला माणूस करू शकला असता. दुखणं सुरू झाल्यावरची पहिली गादी अंथरली, तो तिच्यावर पडला, वळला, आणि उठताना त्याचा हात टेकला. गिऱ्हाईक म्हणालं, "असू द्या हो, चांगली झालीय." पण हात टेकला होता. त्यानं ब्लेड घेतलं आणि गादी उसवली. कापूस पुन्हा पिंजला, पुन्हा भरला, पुन्हा शंभर टाके घातले. त्या वाकण्यानं कंबर आणखी धरली आणि दुसऱ्यांदाही हात टेकला. तिसऱ्यांदाही टेकला. त्या वर्षात त्यानं नऊ चांगल्या गाद्या उसवल्या. कापूस बदलला, दोरा बदलला, यंत्राचे दाते घासून घेतले. दोष गादीत नसून आपल्यात असेल हे त्याच्या मनातच येईना. वडिलांनी त्याला कापूस ओळखायला शिकवलं होतं. स्वतःचं अंग ओळखायला शिकवायचं राहून गेलं होतं.

शेवटी बायको म्हणाली, "आता दहावी उसवलीत ना, तर मी मला उसवून घेईन. अहो, गादीला काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय."

तो विचार करत बसला. बसला कसला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मग म्हणाला, "हे दाराबाहेर जाता कामा नये."

"का?"

"कंबर गेलेल्या माणसाकडून गादी कोण घेईल?"

तेव्हापासून ती दोघं त्या एका वाक्याच्या आत राहायला गेली.

घरात दुखण्याची एक वेगळीच व्यवस्था लागली. तो स्वतः चटईवर झोपायचा, खाली गार फरशी. सकाळी जाग आली तरी लगेच उठता येत नसे. आधी गुडघे जवळ घ्यायचे, मग सगळं अंग एका तुकड्यात कुशीवर फिरवायचं, मग एक गुडघा, मग कपाटाची कडी, मग उभं. या सगळ्याला पावणेदहा मिनिटं लागतात असं बायको सांगायची. तिनं घड्याळ लावून बघितलं होतं. न्हाणीत बादली स्टुलावर गेली, मग्गा खुंटीवर गेला. घरातली सगळी भांडी खालच्या फळीवरून वरच्या फळीवर आली. जमिनीवर पडलेली वस्तू ही आता दुसऱ्या देशात गेलेली वस्तू होती. पायाची नखं बायको कापायची आणि कापताना म्हणायची, "लग्नात पाया पडून घेतलं नाहीत, ते आता वसूल करताय."

शर्टाच्या आत तो कमरेला पट्टा बांधायचा. उन्हाळ्यात पट्ट्याखाली पुरळ यायचं. तरी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

कुणाकडं गेला तर बसायचा नाही. खुर्ची पुढं केली की म्हणायचा, "उभाच बरा आहे, घाई आहे." हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग वळवून बघायचा. रस्त्यानं सावकाश, नाकासमोर, काठी गिळल्यासारखा चालायचा. कुणी समोरून आलं तर बाजूला होणं त्याला जमत नसे, समोरच्यालाच व्हावं लागायचं. गावानं याचा अर्थ लावला. माणूस फार मोठा झालाय म्हणाले. तिठ्यावरच्या पोरांनी त्याचं नाव 'सरकार' ठेवलं आणि ते चिकटलं.

"सरकार आले, रस्ता द्या."

"सरकारांना खाली बघायची सवय नाही."

तो ऐकून घ्यायचा. नाव त्याला सोयीचं होतं. माजोरड्या माणसाकडून लोक गादी घेतात.

डॉक्टरकडं तो तालुक्याला जाऊन आला, गावात कुणाला दिसू नये म्हणून. डॉक्टर तरुण आणि भला होता. त्यानं फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाला, "यात तसं काही विशेष दिसत नाही."

गादीवाल्यानं फोटो हातात घेतला. काळ्यावर पांढरे मणके एकाखाली एक. बराच वेळ बघून म्हणाला, "टाके तर सरळ पडलेत."

"दुखणं खरं आहे," डॉक्टर म्हणाला, "फोटोत दिसत नाही इतकंच. जास्त वाकू नका. जड उचलू नका. फार वेळ बसू नका, फार वेळ उभं राहू नका. आणि नुसतं पडूनही राहू नका."

"मग मी राहू कुठं?"

डॉक्टरला हसू आलं. त्यानं व्यायाम लिहून दिले, रोज चालायला सांगितलं आणि म्हणाला, "कामाची पद्धत बदला. टेबलावर करा. आणि घरच्यांना, सोबतच्यांना सांगा. दडवून ठेवलं की माणूस अंग आखडून वावरतो आणि ते आणखी धरतं."

व्यायाम त्यानं केले. टेबल मात्र केलं नाही. फरशीवरची गादी टेबलावर गेली असती तर गिऱ्हाइकानं का म्हणून विचारलं असतं.

सांगायचं सोडून बाकी सगळ्या युक्त्या त्यानं केल्या. झोडपायची छडी घेऊनच तो गादीवर आडवा व्हायला लागला. पडल्या पडल्या छडीनं गादीवर दोन फटके मारायचा आणि उठताना त्याच छडीवर भार द्यायचा. लोकांना वाटलं रीतीत काहीतरी नवीन आलं. कधी नेमकं उठायच्या क्षणाला बायकोच्या हातून कात्री पडायची. गिऱ्हाइकाची मान तिकडं वळायची, तेवढ्यात हा टेकून उभा. त्या कात्रीची टोकं पडून पडून बोथट झाली होती.

बायकोच्या भावाला हे काही ठाऊक नव्हतं, पण दुकान मंदावलंय ते दिसत होतं. तो शहरात फोमच्या गाद्या विकायचा. दर खेपेला तेच काढायचा.

"भाऊजी, काचेचं दार बसवू. आत चार फोमच्या गाद्या उभ्या करायच्या. तुम्ही काउंटरवर बसायचं, पंखा डोक्यावर. दिवसभर नुसतं बसायचं हो. आणखी काय पाहिजे माणसाला?"

"दिवसभर?"

"दिवसभर."

गादीवाल्याच्या कपाळावर घाम आला. पंधरा मिनिटं बसलं की त्याच्या डाव्या पायात मुंग्या उतरायच्या. मेव्हण्यानं मोठ्या मायेनं दुसरा पिंजरा आणला होता, आणि हा पिंजरा का नको ते सांगायची सोय नव्हती.

"विचार करतो," तो म्हणाला.

"करा. पण आता मुलींच्या वसतिगृहाचं काम आलंय ना, तीस गाद्यांचं? ते नीट पार पडलं तर चालवा तुमचं. नाही पडलं तर त्याच्या पुढच्या महिन्यात काच. ताई, तू साक्षीला."

बायको मशीन चालवत राहिली.

वसतिगृहाचं काम त्यांनी दोन महिन्यांत उरकलं. त्या दोन महिन्यांत तो एक टाका घालायचा, भिंतीला टेकायचा, पुन्हा एक टाका घालायचा. रात्री बायको गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि तो छताकडं बघत किती झाल्या ते मोजायचा.

गाद्या पोचवायच्या दिवशी सकाळी दोघंही वसतिगृहात गेली. लांब दालन, दोन्ही भिंतींना पंधरा-पंधरा लोखंडी खाटा, प्रत्येकीवर त्याची गादी. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं. वसतिगृहाच्या रेक्टरबाई दारातच उभ्या होत्या. बाई उंच, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, मागं पाच-सहा मुली.

"तुमच्या दुकानाची रीत मी ऐकलीय," बाई म्हणाल्या. "मुलींनाही मुद्दाम थांबवलंय. काम कसं करावं ते बघू देत."

"हो बाई. कुठली दाखवू?"

"कुठली म्हणजे? सगळ्या."

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं कात्री आणली नव्हती.

पहिल्या खाटेवर तो आडवा झाला. उजवीकडं, डावीकडं, उताणा. पाय खाली सोडून छडीवर भार देत उठला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसरीवर उठला. तिसरीवर उठताना ओठ दाबले. चौथीवर क्षणभर थांबावं लागलं, बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पाचवीवर तो डाव्या कुशीवरून उताणा होत असताना कमरेत काहीतरी कुलूप लागल्यासारखं झालं.

छडी हातातून सुटून खाली गेली. दुसऱ्या देशात.

तो छताकडं बघत राहिला. छताला एक पंखा होता आणि पंख्याच्या पात्यावर एक जुनं जळमट. पाय हलेनात. श्वास घेतला तरी कळ यायची. हात टेकले असते तरी उठता आलं नसतं. समोर रेक्टरबाई, मुली, तीस गाद्या, आणि कुठंतरी शहरात काचेच्या दाराचं माप घेणारा मेव्हणा. त्यानं डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी पाणी थांबत नव्हतं.

एक मुलगी कुजबुजली, "काय झालं?"

तेव्हा बायको दोन पावलं पुढं आली, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. झोप लागली वाटतं त्यांना."

रेक्टरबाई थबकल्या. मग त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, जे त्या मुलींनी वर्षभरात पाहिलं नसावं. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "स्वतःच्याच गादीवर."

"दोन महिने जागरण झालंय हो," बायको म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

"झोपू द्या त्यांना. चला गं मुलींनो, चपला हातात घ्या." सगळ्या पावलं न वाजवता बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

आत तो एकटा. बाहेरून चहाच्या कपांचा आवाज येत होता आणि बाई कुणालातरी सांगत होत्या, "अशी गादी मी आयुष्यात पाहिली नाही." तो घामानं भिजला होता. पाऊण तासानं त्यानं खाटेचा गज धरला, गुडघे घेतले, कूस केली, आणि गजामागून गज धरत धरत, लहान लेकरू चालतं तसा, खाटेच्या कडेनं उभा राहिला. दार उघडून बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. सगळ्यांना ते झोपेचे वाटले.

तीसच्या तीस पास झाल्या.

घरी आल्यावर भिंतीला टेकून म्हणाला, "काय बोलून बसलीस हे."

"मग काय सांगायला हवं होतं? तुम्हीच सांगा. सहा वर्षं तुम्हीच सांगताय ना काय सांगायचं नाही ते."

तो पट्टा सोडायला लागला. ती थांबली नाही. "तिथं मला वाटलं तुम्ही मेलात. आणि तोंडातून निघालं झोपलेत. कसं निघालं ते मलाच माहीत."

गोष्ट तासाभरात गावभर झाली. ज्या गादीवर करणाऱ्यालाच झोप लागली ती गादी. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांची रीघ लागली. मेव्हण्यानं काचेचा विषय सोडला आणि अभिनंदनाचा निरोप धाडला. पण आता कुणालाच नुसतं उठणं नको होतं.

"सरकार, जरा डोळा लागू द्या की."

"आमच्या गादीवर नाही का येत झोप?"

"तिकडं पाऊण तास झोपलात म्हणे. आम्हाला पाच मिनिटं तरी?"

मग त्याला डोळे मिटून पडून राहावं लागायचं. गिऱ्हाईक पायरीवर बसून वाट बघायचं, कुणी सोबत लेकराला आणायचं, सगळे आवाज खाली उतरवायचे. पडून राहिलं की कंबर आखडायची, आणि जितका वेळ पडून राहील तितकं उठणं अवघड. तो आता गिऱ्हाईक घरी धाडून दिल्यावरच उठायचा. बायको दोन्ही बगलांत हात घालून ओढायची. तिचाही खांदा दुखायला लागला होता. आधी दुखणं लपवायचं तर मिनिटभर लपवावं लागायचं. आता घटकाघटका.

अशात एका दुपारी बसचा ड्रायव्हर दुकानात आला. गावातून शहराला जाणारी गाडी तोच चालवायचा. जाडजूड माणूस, खाकी शर्ट, तोंडात बडीशेप. पायरी चढताना त्यानं आधी चौकट धरली.

"झोप येणारी गादी इथंच ना?"

"इथंच. झोपायला काय, फरशीसुद्धा चालते. गादी लागते ती..."

"उठायला. ऐकलंय. दाखवा उठून."

एक तयार गादी फरशीवर होती. गादीवाला आडवा झाला, डोळे मिटले. ड्रायव्हर बसला नाही. स्टूल रिकामं होतं, तरी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गादीवाला तो जायची वाट बघत होता. तो जाईना.

"मला घाई नाही," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी चारला आहे."

शेवटी गादीवाल्याला उठावंच लागलं. बायकोनं कात्री पाडली, पण ड्रायव्हरनं मान वळवली नाही. गुडघे जवळ, सगळं अंग एका तुकड्यात कुशीवर, एक गुडघा, छडी, उभा.

ड्रायव्हरनं बडीशेप चावायची थांबवली. "किती वर्षं?" त्यानं विचारलं.

"दुकानाला? वडिलांपासून..."

"दुकानाचं नाही विचारलं."

मशीन थांबलं. गादीवाला बटणं चाचपत राहिला. मग म्हणाला, "सहा."

"मला अकरा." ड्रायव्हरनं शर्ट वर केला. आत तोच पट्टा, त्याच रंगाचा. "मी पण कूस करून, गुडघा आधी. म्हणून ओळखलं. सीटवर उशी, उशीवर पोतं. शहरात पोचलो की उतरायच्या आधी पाच मिनिटं तिकिटांचा कागद वाचल्यासारखं करतो. लोकांना वाटतं ड्रायव्हर फार शिकलेला आहे."

बायकोच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं ते पदरानं पुसल्यासारखं केलं.

"एक खरं सांगा, सरकार," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही स्वतः घरात कशावर झोपता?"

या प्रश्नाला छडी नव्हती. "चटईवर," गादीवाला म्हणाला. "खाली फरशी."

ड्रायव्हर जरा वेळ त्या गादीकडं बघत राहिला. रागावला नाही. "मीपण खालीच," तो म्हणाला. "वाटलं होतं, एक तरी कंबरवाला गादीवर झोपतोय. बघून यावं."

"तुम्हाला कसं कळलं, की कंबर...?"

"तुमच्या मागून गाडी आणतो ना रोज सकाळी. हॉर्न दिला तर तुम्ही मान वळवत नाही, सगळे वळता. गाव म्हणतं माज. मी म्हटलं, बघू या तर."

तो गेला. जाताना म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही. पण बोललो असतो तर मला बरं वाटलं असतं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा बोललो."

त्या दिवसानंतर गादीवाल्यानं एक पातळ गादी भरली. दोन बोटं कापूस, टाके जवळजवळ, हाताला लाकडासारखी लागेल इतकी घट्ट. ती मात्र त्यानं टेबलावर केली. गिरणीवाल्याकडून जुनं टेबल आणलं, पायांखाली विटा घातल्या आणि उभ्यानं टाके घातले. गिरणीवाल्यानं विचारलं, "सरकार, टेबल कशाला?" तो म्हणाला, "एका गिऱ्हाइकाला तसंच पाहिजे." गादी ड्रायव्हरच्या घरी गेली. तिच्यावर तो आडवा झाला नाही आणि ड्रायव्हरनंही तसं सांगितलं नाही.

मग वसतिगृहातून पुन्हा निरोप आला. आणखी एक दालन झालं होतं, वीस खाटा. रेक्टरबाईंनी लिहिलं होतं की या खेपेला गावातली चार मोठी माणसं बघायला येणार आहेत, आणि मुलींचा हट्ट आहे की गादीवाल्यांनी तशीच झोप घेऊन दाखवावी. गाद्या टेम्पोनं आदल्या दिवशी पोचल्या.

सकाळी त्यानं पट्टा हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि शर्टाच्या वरून बांधला. बायको बघत राहिली.

"अहो, आतून बांधा की."

"राहू दे."

तिनं घाईनं कात्री पिशवीत टाकली. त्यानं पिशवीतून कात्री काढून मशीनवर ठेवली. छडीही भिंतीला टेकवलेलीच राहू दिली.

"आज तू येऊ नकोस."

"आणि तिथं अडकलात तर? काय सांगाल त्यांना?"

"ते मी बघतो. झोप लागली असं सांगायला आज कुणी नको."

"मेव्हणे काच बसवतील तुमचे."

"बसवू दे. मग काचेतून बघू कोण येतं ते."

ती दारापर्यंत आली. तो पायऱ्या उतरला, एकेक, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. गिरणीच्या दारातल्या माणसांनी शर्टावरचा पट्टा बघितला. "सरकारांनी आज कमरपट्टा बाहेर काढलाय," कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

तो रस्त्याच्या मधून, नाकासमोर, सावकाश चालत निघाला. तिठ्याच्या अलीकडं त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल मागं राहिली. तो थांबला. खाली चपलेकडं बघितलं, बराच वेळ. वाकायला हवं होतं. मग त्यानं दुसऱ्या पायातलीही तिथंच सोडली आणि अनवाणी पुढं निघाला.

"बघा माज," तिठ्यावरचं एक पोरगं म्हणालं. "चपलेसाठीसुद्धा वाकत नाही."

बायको पायरीवरून उतरली, जाऊन त्या दोन चपला उचलल्या आणि हातात धरून तिथंच उभी राहिली. तिच्या शेजारून सकाळची बस पुढं गेली आणि त्याच्या पाठीशी येऊन मंदावली. आतली माणसं कुरकुरायला लागली, कुणी म्हणालं हॉर्न द्या ना ड्रायव्हरसाहेब, उशीर होतोय. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढून घेतला. गादीवाला चालत होता त्याच चालीनं गाडी त्याच्या मागं मागं सरकत राहिली, तो वसतिगृहाच्या रस्त्याला सगळ्या अंगानं वळेपर्यंत.